टू-फोर-डी: एस्टर, अमाईन की सोडियम? बांधापलीकडच्या पिकाच्या बाजूने परीक्षण

कृषी सेवा केंद्रात टू-फोर-डी हे तणनाशक मागितले की "कोणत्या पिकात मारायचे?" असे विचारले जाते. बांधापलीकडे काय उभे आहे हे क्वचितच कुणी विचारते. खरे तर या औषधाच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असायला हवा. उसात, ज्वारीत, मक्यात, गव्हात ते काम करते याबद्दल आता वाद उरलेला नाही. १९४०च्या दशकापासून जगभर ते त्यासाठीच वापरले जाते. गाजरगवत, घोळ, माठ, चांदवेल यांच्यावर चालते, हरळीवर चालत नाही, एवढे सांगून तणांचा विषय इथे संपवतो. हे परीक्षण ज्यांच्यावर औषध मारायचेच नव्हते त्या झाडांच्या बाजूने आहे: कापूस, द्राक्ष, टोमॅटो, मिरची, तूर, हरभरा, पपई.

बाजारात मुख्यतः तीन रूपे मिळतात. एथिल एस्टर ३८ टक्के ईसी (पाण्यात मिसळताच दुधाळ होणारे द्रावण), डायमिथाईल अमाईन सॉल्ट ५८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रावण) आणि सोडियम सॉल्ट ८० टक्के भुकटी. कंपन्यांची नावे आणि बाटल्यांचे रंग डझनावारी आहेत, पण बाटलीत यांपैकीच काहीतरी असते. उसासाठी येणाऱ्या काही मिश्र पुड्यांमध्येही मेट्रिब्युझिन या दुसऱ्या तणनाशकाच्या जोडीला टू-फोर-डी असते, तेव्हा मोठ्या अक्षरातले नाव सोडून खालचा बारीक मजकूर वाचावा.

लेबलावरचे आकडे

३८, ५८, ८० हे आकडे थेट एकमेकांशी ताडून पाहू नयेत. झाडावर काम करते ते मूळ आम्ल. एस्टर, अमाईन, सोडियम ही त्याला जोडलेली शेपटे. १०० ग्रॅम मालात आम्ल किती हे काढले तर ३८ टक्क्यांच्या एस्टरमध्ये सुमारे ३४ ग्रॅम, ५८ टक्क्यांच्या अमाईनमध्ये ४८ ग्रॅम आणि ८० टक्क्यांच्या सोडियममध्ये ७३ ग्रॅम भरते. तुलना करायची तर आम्ल सारखे ठेवून करावी. दर लिटर पाण्यात २ ग्रॅम आम्ल हवे असेल तर एस्टर ५.९ ग्रॅम, अमाईन ४.२ ग्रॅम आणि सोडियम २.७५ ग्रॅम लागते. मिलिलिटरमध्ये मोजू नका, काट्यावर तोला. या द्रावणांची घनता पाण्याइतकी नसते.

दुसरी गल्लत लेबलावरच्या रंगीत त्रिकोणाची. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध पोटात गेल्यावर किंवा कातडीला लागल्यावर प्रयोगातला प्राणी किती मिलिग्रॅमला मरतो त्यावरून ठरतात. शेजारच्या कापसाशी त्या त्रिकोणाचा काडीचा संबंध नाही. "हिरव्या त्रिकोणाचे आहे, सौम्य आहे" असे सांगून तणनाशक विकले जाते ते या गैरसमजावरच.

आणखी एक. अमेरिकेत टू-फोर-डी सहन करणारा कापूस आहे, त्यासाठी टू-फोर-डीच्याच कोलीन सॉल्टचे वेगळे औषध आहे. भारतातले बीटी बियाणे बोंडअळीसाठी आहे. त्याला टू-फोर-डीपासून कसलेही संरक्षण नाही.

कुंडीतली चाचणी

लक्ष्य नसलेल्या जमिनीवरच्या झाडांसाठी जगभर दोन प्रमाण चाचण्या चालतात, दोन्ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या. क्रमांक २०८ मध्ये औषध मातीवर किंवा मातीत देऊन बी उगवते का, रोप वाढते का ते पाहतात. क्रमांक २२७ मध्ये दोन ते चार खऱ्या पानांवर आलेल्या रोपांवर फवारून २१ ते २८ दिवस वाढ पाहतात. २००६ साली स्वीकारलेल्या मजकुरात दोन्हींच्या अटी साफ आहेत. उगवण किमान ७० टक्के हवी, औषध न दिलेल्या कुंड्यांतली किमान ९० टक्के रोपे शेवटपर्यंत जगायला हवीत आणि त्यांच्यावर कसलीही विकृती दिसता कामा नये. यातली एकही अट मोडली तर चाचणी रद्द.

टू-फोर-डीचा धोका पानावरून आत शिरण्याचा आहे, म्हणून २२७ हीच कामाची. ती प्रयोगशाळेबाहेर, कृषी महाविद्यालयात किंवा गटशेतीच्या शेडनेटमध्येही नीट करता येते.

झाडे: कापूस आणि टोमॅटो हवेतच, कारण सर्वांत आधी तेच बोलतात. द्राक्षपट्ट्यात मुळे फुटलेली छाटकलमे. सोबत तूर किंवा हरभरा, आणि गवतवर्गीय म्हणून ज्वारी. ज्वारी फार बिघडली तर मात्रा चुकली असे समजावे. कुंडी १५ सेंटिमीटरची, तीत कापसाची किंवा टोमॅटोची एक-दोनच रोपे. प्रत्येक मात्रेला किमान चार कुंड्या.

माती: २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली, पोयट्याची, सेंद्रिय कर्ब दीड टक्क्यापर्यंत. नुसती काळी माती भरू नये. तिला वर पापडी धरते, भेगा पडतात, उगवण ७० टक्क्यांखाली येते आणि दोष औषधाच्या माथी जातो. निम्म्यापर्यंत धुतलेली वाळू मिसळली की काम भागते. कोकोपीट पानांवरच्या चाचणीला चालेल, पण उगवणीच्या चाचणीला नको. त्यातला सेंद्रिय भाग औषध धरून ठेवतो आणि शेतापेक्षा कमी इजा दिसते.

मात्रा: शेतातली पूर्ण मात्रा इथे उपयोगाची नाही, तिने कापूस मरणारच. पाहायचे ते उडून येणाऱ्या अंशाला. पाच पायऱ्या घ्याव्यात, दोन पायऱ्यांत तिपटीहून जास्त अंतर नको. समजा शेतातली मात्रा हेक्टरी १ किलो आम्ल, ५०० लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. हे मूळ द्रावण. त्यातले ३० मिली घेऊन पाण्याने १ लिटर केले की ३ टक्के मात्रा झाली. त्यातले ३३३ मिली पुन्हा १ लिटर केले की १ टक्का. असेच पुढे ०.३३, ०.११ आणि ०.०३७ टक्के. प्रत्येक वेळी ताजे मोजपात्र घ्या. एकच मोजपात्र विसळून वापरले तर शेवटच्या दोन पायऱ्यांचा भरवसा उरत नाही.

फवारणी: एक चौरस मीटरची चौकट आखून कुंड्या आत मांडाव्यात आणि त्यावर बरोबर ५० मिली पाडावे, हेक्टरी ५०० लिटर म्हणजे तेवढेच. हातपंपाचे फवारणीआधी आणि नंतर वजन करून ५० ग्रॅम घटले की नाही हे पाहावे. आधी साध्या पाण्यावर हात बसवावा. क्रम नेहमी पाणी, मग सर्वांत कमी मात्रा, मग चढत. उलटा क्रम लावला की वरच्या मात्रेचा अंश खालच्या कुंडीत गेलाच. त्यानंतर पाणी खालून, बशीत द्यायचे. झारीने वरून पाणी घातले तर औषध पानांवरून धुऊन जाते.

हवामानाची अट २२ अंश, दहा अंश इकडे-तिकडे, आणि दिवसाला १६ तास उजेड अशी आहे. एप्रिल-मेच्या शेडनेटमध्ये ही अट पाळणे शक्य नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिवे लावून उजेड वाढवावा, आणि थंडीत कापूस उगवायला वेळ लागतो हे धरून पेरणी लवकर करावी.

मोजणी: कुठल्या दिवशी पाहता यावर सारे आहे. देठ आणि शेंडे मुरगळणे दुसऱ्या दिवशीच दिसते आणि कमी मात्रेत ते चार-सहा दिवसांत सरळही होते. खरी खूण नव्या पानात येते, फवारणीच्या वेळी जे डोळ्यात होते त्या पानात. सातव्या दिवशी वही मिटली की "किरकोळ परिणाम, सुधारला" असा निष्कर्ष निघतो आणि पंधराव्या दिवशी पाने विकृत होतात. २१ दिवस थांबावेच. शेवटी रोप मातीलगत कापून ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलावे.

प्रमाण चाचणीत जी मात्रा वजन निम्म्यावर आणते तो आकडा काढतात. अमेरिकेत २५ टक्के घटीचा आकडा धरतात. युरोपात पहिल्या पायरीला सर्वांत नाजूक प्रजातीचा आकडा पाचाने भागून उडून येणाऱ्या अंशाशी ताडतात. आकडेमोडीला "आर" या मोफत प्रणालीतले "डीआरसी" पॅकेज पुरते. मात्र या औषधासाठी नुसत्या वजनावर विसंबणे आम्हांला पटत नाही. अगदी कमी मात्रेत ऑक्सिनसारख्या (झाडातल्या वाढीच्या संप्रेरकासारख्या) औषधाने वजन थोडे वाढलेलेही दिसते, आणि चिंधीसारखी झालेली पाने वजनाला भरतातच. वजनासोबत ० ते १०० अशी डोळ्यांनी दिलेली इजेची श्रेणी रोपागणिक नोंदवावी, आणि श्रेणी देणाऱ्याला कुंडीत कोणती मात्रा आहे हे ठाऊक नसावे.

दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. शेतात उडून येणारा थेंब छोटा पण कडक असतो. आपण पातळ केलेले भरपूर पाणी मारतो. त्यामुळे कुंडीतली इजा शेतापेक्षा कमी दिसू शकते. आणि २१ दिवसांची चाचणी बोंडांबद्दल काही सांगत नाही. रोपावस्थेत लागलेला कापूस बराच सावरतो. पाते (फुलकळी) धरण्याच्या सुमारास लागला तर उत्पन्नात मार बसतो.

या चाचणीत एस्टर पास होते, आणि तिथेच फसगत आहे

आम्ल सारखे ठेवून फवारले तर एस्टर आणि अमाईन यांच्या कुंड्या फार वेगळ्या दिसत नाहीत. एस्टर मेणचट पानातून लवकर शिरते म्हणून थोडी जास्त इजा करते, इतकेच. कागदावर निष्कर्ष निघतो: दोन्ही सारखीच. शेतातला अनुभव याच्या अगदी उलट, कारण एथिल एस्टरची वाफ होते. फवारणी संपली, वारा पडला, पंप धुऊन ठेवला, तरी पानावरून आणि मातीवरून ते हवेत उठत राहते, आणि तापलेल्या दुपारी जास्तच. मिथाईल, एथिल, ब्युटाईल हे आखूड शेपटांचे एस्टर जास्त उडणारे; लांब शेपटाचे एथिलहेक्सिल कमी उडणारे; अमाईन आणि कोलीन त्याहून कमी. पानावर फवारून पाहण्याच्या चाचणीत हा फरक पकडायची सोयच नाही.

म्हणून वाफेची चाचणी वेगळी लावावी. पॉलिथिनचे तीन बुटके बोगदे, एकमेकांपासून लांब. मातीचे ट्रे दूर नेऊन, मोकळ्या जागी पूर्ण मात्रेने फवारावेत: एकावर एस्टर, एकावर अमाईन, एकावर पाणी. अर्धा तास थांबावे, म्हणजे उडते थेंब बसतील आणि आत जाईल ती फक्त वाफ. मग प्रत्येक बोगद्यात एक ट्रे, आणि त्यापासून हातभर अंतरावर न फवारलेली कापसाची व टोमॅटोची रोपे. २४ ते ४८ तास बंद. त्यानंतर रोपे बाहेर काढून तीन आठवडे पाहायची. बोगद्यावर सावली हवी, नाहीतर आत उन्हानेच रोपे शिजतात. पाण्याच्या बोगद्यातली रोपे कोमेजली तर सगळे पुन्हा करावे. एस्टरचे पॉलिथिन दुसऱ्या वेळी वापरू नये, ते वाफ शोषून ठेवते.

एरवीच्या फवारणी-चाचण्या बिघडतात त्याही याच कारणाने. पाण्याच्या कुंड्या एस्टरच्या कुंड्यांशेजारी त्याच शेडमध्ये ठेवल्या की तुलनेची झाडेच आजारी पडतात, मग सर्व मात्रांचा परिणाम कमी वाटतो. फवारलेल्या कुंड्या पहिले दोन-तीन दिवस वेगळ्या, उघड्या जागी ठेवाव्यात.

काय दिसते

कापसात नवे पान अरुंद, लांबट, बोटासारख्या खंडांचे होते. वऱ्हाडात कपाशीला भेंडीची पाने आली म्हणतात ते हेच. शिरा जवळजवळ समांतर धावतात. द्राक्षात पान लहान, पंख्याच्या आकाराचे, कडेला टोकदार दाते, शिरा फिकट आणि दाट. टोमॅटोत शेंडा वळतो, पान दोरीसारखे होते, खोड जाड होऊन चिरते. तिन्ही ठिकाणी लोक विषाणूजन्य रोग समजून कीटकनाशकावर पैसे घालतात. ओळखायची रीत अशी: रोग शेतात विखरून येतो आणि वाढत जातो. टू-फोर-डीचा मार एका बाजूच्या बांधाकडून आत विरळ होत जातो, त्या रेषेतली पपई, टोमॅटो, बांधावरची रुंद पानांची तणे सगळी एकाच आठवड्यात वेडीवाकडी होतात, आणि पुढे येणारी पाने हळूहळू मूळ आकारावर येतात.

अंतराचा अंदाज हवा असेल तर जर्मनीत शेतात मोजून बसवलेले आकडे युरोपभर वापरतात: ट्रॅक्टरच्या बूमने (नोझल लावलेल्या आडव्या दांड्याने) फवारताना १ मीटरवर २.७७ टक्के, ५ मीटरवर ०.५७ आणि १० मीटरवर ०.२९ टक्के मात्रा पडते. १० मीटरवरचा तो अंश म्हणजे साधारण साडेतीनशेवा भाग. कापसावर खुणा उमटायला तेवढा पुष्कळ झाला; हजाराव्या भागापर्यंत त्या दिसू शकतात. आणि हे आकडे नीट लावलेल्या बूमचे. पाठीवरच्या पंपाला पोकळ शंकूचे नोझल लावून, लान्स (फवारणीची दांडी) छातीपर्यंत उचलून मारणाऱ्याला ते लागू नाहीत. वर ही सारी मोजदाद थेंबांची. एस्टरची वाफ त्यात धरलेली नाही.

तिघांचा निकाल

एथिल एस्टर: तणावर सर्वांत जोरकस, तासाभरात पाऊस आला तरी फारसे बिघडत नाही, निबर झालेल्या चांदवेलीवरही चालते. तरीही कापूस, द्राक्ष, टोमॅटो किंवा मिरचीच्या पट्ट्यात ते विकत घेऊ नये. नासिक, सांगली, सोलापूरकडे ऊस आणि द्राक्ष एकमेकांना लागून असतात, आणि वेळापत्रकही वाईट जुळते. सुरू हंगामातल्या उसाची तणफवारणी लांबली की ती एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर येते, पूर्वहंगामी उसातली ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरच्या फुटीवर. सभोवताली नुसती ज्वारी-मका-गहू असेल तरच ते चालवून घ्यावे, तेही दुपारचे ऊन टाळून. मासे असलेल्या शेततळ्याजवळ मुळीच नको.

अमाईन सॉल्ट: तिघांत घेण्यासारखे हेच. वाफेची भीती नगण्य. पण थेंब उडायचे ते उडतातच, त्या बाबतीत अमाईन एस्टरइतकेच बेभरवशाचे. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, कमी दाब, लान्स खाली, आणि ताशी ५ ते १५ किलोमीटरचा वारा नाजूक पिकापासून दूर वाहत असताना फवारावे. पहाटेची अगदी निवांत हवा चांगली समजतात, ती फसवी. त्या वेळी जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असतो. बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि सखल भागाकडे सरकतात. दोष म्हणाल तर जड पाण्याशी याचे जमत नाही, बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमने जोर कमी होतो. विहिरीचे गोडे पाणी घ्यावे, नाहीतर आधी अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध घालावे. पावसाआधी चार-सहा तास मोकळे मिळायला हवेत.

सोडियम सॉल्ट: वाफेच्या बाबतीत निर्धोक, खिशालाही हलके. मात्र पानात सर्वांत मंद शिरते, जड पाण्यात साका धरते आणि नोझल तुंबवते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून मगच पंपात ओतावे. तण दोन-चार पानांवर असेल तेव्हा घेतले तर पैसे वसूल, निबर तणावर नाही.

पंप

तिन्ही रूपांत बरेच नुकसान बांधापलीकडे न होता स्वतःच्याच शेतात होते. १६ लिटरच्या पंपाच्या तळाशी, नळीत आणि लान्समध्ये मिळून १५० मिली द्रावण उरले तर पुढच्या भरणीत सुमारे १ टक्का मात्रा गेली. वरच्या पाच पायऱ्यांतली ही वरून दुसरी, आणि ती आपणच कीटकनाशकासोबत कपाशीवर मारतो. तीनदा पाण्याने, नोझलमधून बाहेर काढत धुवावे. अमाईन आणि सोडियमसाठी नंतर १६ लिटर पाण्यात १५० मिली घरगुती अमोनिया घालून रात्रभर ठेवावे. ब्लीचिंग त्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. एस्टर रबरी नळीत मुरते, त्याला आधी कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी हवे, आणि तेवढ्यानेही खात्री नसते. धुतलेल्या पंपात साधे पाणी भरून टोमॅटोच्या चार रोपांवर मारा, दोन आठवडे नवी पाने पाहा. तोवर तो पंप कापसात नेऊ नका. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तणनाशकाला वेगळा पंप, त्यावर रंगाने खूण केलेली.

एस्टरची फोडलेली बाटली घरात असेल तर ती बियाण्याच्या पिशव्या आणि खतांपासून वेगळ्या खोलीत ठेवावी. बुचातून सुटणारी वाफ बियाण्याला बाधते, आणि पुढे उगवण का झाली नाही म्हणून भांडण बियाणे कंपनीशी होते.